गेल्या अठ्ठावीस दिवसांत

"सुरुवात कशानं होते?" इरफाननं फॉर्मवरची नजर न काढता विचारलं.

"कशानंही," मी म्हटलं. "शेंगाचटणीचा डबा उघडायचा, पोळीबरोबर चमचाभर घ्यायची म्हणून. पोळी संपते, चटणी उरते. मग चटणीसाठी दुसरी पोळी. मग पोळी उरते म्हणून आणखी चटणी. पोळ्या संपल्या की ब्रेड. ब्रेड संपला की लाडू. शेवटी साखर."

"नुसती साखर?"

"साखर आणि तूप. वाटीत कालवून."

"आणि थांबता कधी?"

"बेल वाजली की."

खोलीतले पाचसहा जण हसले. मीही हसले. सगळ्यांच्या मागं, खिडकीशी बसलेल्या डॉक्टर हत्तुरे मात्र हसल्या नाहीत. त्या लिहून घेत होत्या.

ही सराव मुलाखत होती. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापुरातल्या एका मानसोपचार केंद्रात मी नोकरीला लागून पंधरा दिवस झाले होते. एम. ए. मानसशास्त्र, वय अठ्ठावीस, गिरिजा बिराजदार. केंद्रात एक मोठा अभ्यास सुरू होणार होता. काही माणसं भूक नसताना, पोट भरलेलं असताना, लपून, भराभर, पोट दुखेपर्यंत खातात आणि नंतर स्वतःची किळस करत बसतात. हा विकार आहे, आणि त्याला बोलण्याचे उपचार आहेत. एका उपचारात रुग्णानं काय खाल्लं, कधी, मनात काय होतं ते वहीत टिपायचं, दिवसाची जेवणं ठरल्या वेळी घ्यायची, डोक्यातले विचार तपासायचे. दुसऱ्यात खाण्याचं नावही काढायचं नाही. घरच्या माणसांशी काय बिनसलंय, कोण दुरावलंय, कोण गेलंय, त्यावर बोलायचं. दोन्हींतला सरस कोणता, हे डॉक्टर हत्तुरेंना ठरवायचं होतं. ऐंशी रुग्ण घ्यायचे, बंद पाकिटातल्या चिठ्ठीप्रमाणे त्यांचे तीन गट करायचे: अ, ब, आणि सहा महिने नुसतं थांबणारे क.

कोण कुठल्या गटात आहे हे मला आणि इरफानला कळता कामा नये, ही मुख्य अट. आम्ही फक्त मोजणारे. सुरुवातीला, चार महिन्यांनी आणि वर्षानं प्रत्येकाला तेच प्रश्न विचारायचे. गेल्या अठ्ठावीस दिवसांत किती वेळा, किती, कुठं, एकटं असताना का. उत्तरांना आकडे द्यायचे, प्रत्येक मुलाखतीचं ध्वनिमुद्रण करायचं. रुग्ण गटाबद्दल बोलायला लागला की हात वर करून त्याला थांबवायचं.

त्या सरावासाठी कुणीतरी रुग्ण व्हायचं होतं. मी झाले.

"अभिनय उत्तम," मुलाखत संपल्यावर डॉक्टर हत्तुरे म्हणाल्या. "पण गिरिजा, जरा कमी कर. साखर-तूप वगैरे नाटकी वाटतं. आणि आठवड्यातून सहा वेळा? आपले पेशंट साधारण तीन-चार वेळा सांगतात. अतिशयोक्ती झाली की मुलाखत घेणारा सावध होतो."

"हो मॅडम."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रुग्ण झाले. आठवड्यातून तीन वेळा खाल्लं, साखर वगळली, लाडवांवर थांबले.

"बघ," त्या म्हणाल्या, "आता खरं वाटलं."

आई शाळेत शिकवायची, साडेपाचला घरी यायची. कॉलेजातून काय, नंतर केंद्रातून काय, मी अडीचला यायचे. मधले तीन तास घर माझं असायचं. बारावीपासून ते असंच होतं. चारचौघांत मी इतकं कमी खायचे की केंद्रात माझं नाव 'चिमणी' पडलं होतं. समोसे आले की मी अर्धा घ्यायचे. वजन वाढतच होतं, तेव्हा सगळ्यांनी एकमतानं मला थायरॉइड तपासून घ्यायला सांगितलं. मी तपासलं. थायरॉइड ठणठणीत होता. त्यांना फार वाईट वाटलं.

केंद्रात माझा एकच घोळ व्हायचा. मुलाखतीनंतर रुग्णांना चहा-बिस्किटं द्यायची पद्धत होती, आणि बिस्किटांचे पुडे कागदपत्रांच्या खोलीतल्या कपाटात असायचे. खोलीची किल्ली माझ्याकडं. एखादी मुलाखत अंगावर आली की मी फाइल ठेवायला म्हणून आत जायचे आणि दार लावून घ्यायचे. महिन्याभरात डॉक्टर हत्तुरेंच्या लक्षात आलं.

"उंदीर झालेत," त्या म्हणाल्या. "पुडेच्या पुडे संपतायत. सापळा आणा."

सापळा आला. आमिष म्हणून त्यात भजी लावायचं काम माझ्याकडं आलं. मी ती मनापासून लावली. तिसऱ्या दिवशी सापळ्यात खरोखरच एक उंदीर सापडला, चांगला गलेलठ्ठ. सगळे बघायला आले. मॅडमचं निदान बरोबर निघालं आणि मी सुटले. पुढचे दोन आठवडे बिस्किटांना हातही लावला नाही. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं, पण तोवर मॅडम म्हणू लागल्या होत्या की उंदीर एकटा नसतोच.

सुगुणाबाई येमूल पहिल्यांदा आल्या त्या फेब्रुवारीत. पन्नाशीच्या, ठेंगण्या, केसांत अबोलीचा गजरा. घरी बसून ब्लाउज शिवायच्या. नवरा यंत्रमागावर टॉवेल विणायला जायचा, मुलगी कॉलेजात. दवाखान्याच्या भिंतीवरची आमची सूचना वाचून त्या आपण होऊन आल्या होत्या, ही नवलाची गोष्ट. बाकीच्यांना कुणीतरी हाताला धरून आणलेलं असायचं.

"गेल्या अठ्ठावीस दिवसांत," मी फॉर्म वाचायला घेतला, "खाण्यावरचा ताबा सुटलाय असं कधी वाटलं?"

"ताबा असाय लागतो की ओ आधी, सुटायला," त्या म्हणाल्या.

"म्हणजे हो लिहू?"

"लिवा."

"अशा वेळी साधारण काय खाता?"

"कडक भाकरी. दुधात मोडून. चार झाल्या की दूध संपतंय, मग तेल-चटणीत. दुपारी दोन ते चार. मशिनवर बसल्या बसल्या. पाय थांबतोय, हात थांबत नाही." त्यांनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. "पोट भरल्यालं कळतंय बघा मला. न कळायला मी काय लहान हाय? भरलंय म्हणून कळलं की जास्तच लागतंय."

माझं पेन थांबलं. हे वाक्य मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं, आणि मला ते पाठ होतं.

"आठवड्यातून किती वेळा?"

"ते कसं सांगायचं? मोजलंय कुणी?"

"अंदाजानं सांगा. सोमवारी झालं का? मंगळवारी?" नियमाप्रमाणे मी एकेक दिवस मागं नेत त्यांना विचारत गेले. त्या बोटांवर मोजत गेल्या. आठवड्याला पाच आले. सुगुणाबाई कितीतरी वेळ त्या पाच बोटांकडं बघत बसल्या.

"लपून खाता का?"

"पोरगी यायच्या आत भांडं घासून पालथं घालते. त्याला लपून म्हणायचं काय?"

"हो," मी म्हटलं, जरा घाईनंच.

त्या दिवशी बिस्किटांचे तीन पुडे उंदरांनी नेले.

जूनमध्ये त्यांची दुसरी मुलाखत होती. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "दोनवर आलंय म्याडम."

"काय दोनवर?"

"आठवड्याला. पाचाचं दोनवर. या आठवड्यात तर एकच."

मी फॉर्म काढला, दिवस मागं नेत तपासलं. खरंच दोन. किळस, लपवाछपवी, सगळ्यांचे आकडे उतरले होते. ऐंशीतल्या निम्म्या लोकांच्या दुसऱ्या मुलाखती झाल्या होत्या आणि इतका उतार मी क्वचितच पाहिला होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला हेवा वाटला. आणि मग दुसरंच काहीतरी मनात आलं. हिला काय दिलंय? वही, की बोलणं? अ, की ब?

मी दाराकडं पाहिलं. दार लावलेलं होतं. मी ध्वनिमुद्रण बंद केलं.

"सुगुणाबाई," मी आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्याकडं वही दिलीय का लिहायला?"

त्यांनी भुवया उंचावल्या. "ते सांगायचं नाही म्हणालता की तुम्ही."

"नाही, नुसतं... वही आहे का, एवढंच."

"मी सही केल्या ओ कागदावर. सांगणार नाही म्हणून."

"मी कुणाला बोलणार नाही."

"पण मग तुम्हाला कशाला पाहिजे?" त्यांनी साधा प्रश्न विचारला. मी फॉर्मची पानं सारखी केली. त्या पुढं वाकल्या आणि माझ्या कुर्त्याच्या बगलेखालची शिवण दोन बोटांत धरून पाहिली. शिंप्यांना माणसाचं अंग आणि कापड यांत फरक करता येत नाही, त्यामुळं मला ते वावगंही वाटलं नाही.

"हे दोनदा उसवलंय. एकदा मशिननं घातलंय, एकदा हातानं. दोऱ्याचा रंग बी येगळा हाय. फेब्रुवारीत असं नव्हतं." त्यांनी कापड सोडलं. "आता आत माया राहिली नाही म्याडम, जादाचं कापडच नाही. आता उसवायला गेलं तर फाटतंय."

"थायरॉइड आहे मला," मी म्हटलं.

"असू दे."

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी नळावर बादली लावली होती.

"सगळे प्रश्न तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून विचारताय," त्या म्हणाल्या. "फक्त लपून खाता का, हे विचारताना कागदाकडं बघताय. मागच्या खेपेला बी. आजबी."

मग त्यांनी माझ्या हातातला फॉर्म काढून घेतला. मी सोडला. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि शाळेतल्या मुलीसारखं एकेक शब्द जुळवत वाचायला सुरुवात केली.

"गेल्या, अठ्ठावीस दिवसांत, खाण्यावरचा ताबा, सुटला आहे, असं, वाटलं का?"

"हो," मी म्हटलं.

"काय खाताय?"

मी सांगितलं. साखर-तुपापर्यंत सगळं सांगितलं, बिस्किटंही सांगितली. अभिनय नव्हता, त्यामुळं वाक्यं नीट लागत नव्हती, मधेच नाक पुसायला लागत होतं. सरावात मी केवढ्या सफाईनं बोलले होते! सुगुणाबाईंना त्यात काही नाटकी वाटलं नाही. "तूप घरचं काय?" एवढंच त्यांनी मधे विचारलं. मग त्यांनी मला एकेक दिवस मागं नेलं, अगदी मी त्यांना नेलं होतं तसंच. सोमवार, रविवार, शनिवार. बोटांवर मोजलं.

"सहा," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा एक जास्त." आणि फॉर्म माझ्यापुढं ठेवून पदरानं चष्मा पुसू लागल्या.

त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, मी डॉक्टर हत्तुरेंच्या खोलीत गेले. गेले नसते तर कपाटाच्या खोलीत गेले असते.

"कधीपासून?" सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं.

"बारावीपासून."

"आणि तू या कामाला अर्ज करताना..."

"अर्जात तसा प्रश्न नव्हता मॅडम."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किती मुलाखती घेतल्यास आतापर्यंत?"

"एकसष्ट."

"एकसष्ट," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा पडला. माझ्यासाठी की आकड्यांसाठी, ते मला तेव्हा कळलं नाही. दोन्हींसाठी असावा. पुढच्या आठवड्यात माझ्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण इरफाननं ऐकलं, दोन बाहेरच्या तज्ज्ञांनीही ऐकलं, आणि सगळ्यांनी नव्यानं आकडे दिले. माझे आकडे तज्ज्ञांच्या आकड्यांशी जवळपास तंतोतंत जुळले. इरफान मात्र प्रत्येकाला थोडं कमी धरत होता. कुणी मोठा आकडा सांगितला की त्याला ती अतिशयोक्ती वाटायची. तसंच शिकवलं होतं आम्हाला.

"आणि बिस्किटं मी खाल्ली," त्याच दिवशी मी मॅडमना सांगून टाकलं.

"पण उंदीर सापडला होता!" डॉक्टर हत्तुरे म्हणाल्या. एवढ्या सगळ्यात त्यांना खरा धक्का बसला तो याचा.

मग त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "त्या दिवशी तू सांगत होतीस," त्या हळू म्हणाल्या, "आणि मी म्हटलं, कमी कर."

"हो मॅडम."

त्यांनी एका कागदावर पुण्यातल्या एका समुपदेशक बाईंचं नाव आणि नंबर लिहून दिला. "केंद्रातलं कुणी तुला घेऊ शकत नाही, नियमात बसत नाही. या चांगल्या आहेत. दोन्ही पद्धती करतात. आज फोन कर." मुलाखतींचं काम माझ्याकडून गेलं. टेलिफोनचं आलं.

मी फोन केला नाही. कागद पर्समध्ये ठेवला. मला वाटलं, एवढा ऐंशी माणसांचा अभ्यास चाललाय, दोन पद्धतींतली सरस कोणती हे आता कळणारच आहे. मग आधीच जाऊन भलती पद्धत गळ्यात कशाला घ्या? निकाल लागू दे, जी जिंकेल ती घेऊ. शास्त्रशुद्ध विचार होता. दररोज दुपारी अडीच ते साडेपाच मी त्या निकालाची वाट बघत खायचे.

ऑगस्टमध्ये माझ्याकडं एक यादी आली. क गटातल्या लोकांचे सहा महिने संपत आले होते; त्यांना फोन करून सांगायचं की आता तुमचे उपचार सुरू होतील. आता मी मोजणारी नसल्यामुळं ती नावं मला कळायला हरकत नव्हती. सव्वीस नावं होती. अकरावं नाव सुगुणा येमूल.

मी ते तीनदा वाचलं. क गट. म्हणजे वही नाही, बोलणं नाही, काहीच नाही.

फोन न करता मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, उंबऱ्याजवळच मशिन. दुपारचे तीन वाजले होते आणि त्या एका जांभळ्या ब्लाउजला हुक लावत होत्या.

"तुम्हाला कुणी काहीच दिलं नव्हतं?" मी दारातच विचारलं.

"बसा तर आधी."

"मग पाचाचं दोन कसं झालं?"

त्यांनी मशिनमागच्या भिंतीकडं मान वळवली. कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं तिथं रेघा ओढलेल्या होत्या. आठवड्याचा एक गठ्ठा, पाच रेघांचा. मग पाच, चार, पाच, तीन. पोपडे आलेल्या भिंतीवर त्या रेघा ओळीनं खाली उतरत गेल्या होत्या.

"तुम्हीच तर विचारला की," त्या म्हणाल्या. "किती वेळा म्हणून. तवर मला ठावंच नव्हतं हे मोजता येतंय. मी म्हणायची, हे सारखंच चाललंय, कायमचंच हाय. मोजल्यावर कळलं, काही दिवस मधे मोकळे बी जातात. मग मी मोकळ्या दिवसाला बघाय लागले. त्या दिवशी काय येगळं केलं? काय नाही, सकाळी जेवल्यालं असायचं." त्यांनी दोरा दातानं तोडला. "सगळं नाही गेलं. दोनच्या खाली काय येईना माझ्यानं. त्याला डॉक्टरच पाहिजे. म्हणून तर थांबले की सहा महिने."

"तुम्ही मला तेव्हा सांगितलं असतं तर..."

"सही केल्ती म्हणलं ना." मग त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "आणि तुमचं? गेला न्हाई अजून कुणाकडं?"

"निकालाची वाट बघतेय. दोन पद्धती आहेत ना. त्यातली चांगली कोणती ते अजून..."

सुगुणाबाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत. एखाद्या गिऱ्हाइकानं कापड न आणताच गळा कुठला शिवून घेऊ असं विचारावं, तेव्हा हसावं तशा.

"मला तर चिठ्ठीनं थांबवलंतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी थांबवलंय?"

पुढं त्यांचे उपचार झाले. चिठ्ठीत त्यांना ब मिळालं. सोळा आठवड्यांत त्यांनी भाकरीबद्दल अवाक्षर काढलं नाही, नणंदेबद्दल मात्र पोटभर बोलल्या, आणि वर्षाच्या मुलाखतीत इरफाननं त्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं. अभ्यासाचा निकाल त्यानंतर आणखी वर्षभरानं लागला. अ आणि ब बरोबरीत सुटले. दोन्हींनी नुसतं थांबणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त गुण आला, आणि दोन्हींत सरस असं कुणीच नाही. डॉक्टर हत्तुरे निराश झाल्या. इतकी वर्षं मोजून एकही विजेता नाही. मी थांबले असते तर मला एवढं कळायला दोन वर्षं लागली असती.

सुगुणाबाईंकडून निघाले तो गुरुवार होता. शुक्रवारी मी रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं पुण्याला गेले. समुपदेशक बाई माझ्याच वयाच्या निघाल्या. पाण्याचा ग्लास पुढं करून त्या म्हणाल्या, "असं आहे, यासाठी दोन पद्धती आहेत. मी दोन्हींची माहिती देते, फायदे-तोटे सांगते. तुम्ही आठवडाभर शांतपणे विचार करा आणि मग आपण ठरवू."

त्यांनी आमच्याच केंद्राचं माहितीपत्रक पुढं केलं. त्याचा मराठी मजकूर मीच तयार केलेला होता. मला तो स्वल्पविरामांसकट पाठ होता.

"कोणतीही चालेल," मी म्हटलं. "फक्त आज सुरू करा."